पाठीवरचा पॅच

१९ जानेवारी, रविवार
सिलिंडर सरकवताना पाठ धरली. बरोबर मधोमध, जिथे आपला हात पोहोचत नाही. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी शब्द पाळणारा. गोळी घेतली नाही, दुकानातून पाठदुखीचा पॅच आणला. पॅच चिकटवायचा असतो. औषध नव्हे.
बायको, जयवंता, दिवाळीपासून अकोल्याला, लेकीच्या बाळंतपणासाठी. मीच म्हटलं, राहा आरामात. एकटं राहणं मला मानवतं.

२० जानेवारी
युक्ती सापडली. चिकट बाजू वर करून पॅच पलंगावर ठेवायचा आणि नेम धरून आडवं व्हायचं. पहिला चादरीला गेला. दुसरा बसला. शेजारचे खुशालराव खिडकीतून म्हणे, काहून बा, म्हशीवानी लोळून राहिला? व्यायाम, म्हटलं.

२३ जानेवारी, गुरुवार
नवा पॅच. जुना आंघोळीत पडला असेल. हिरड्यांतून रक्त. ब्रश कडक आहे, बदलणे.
जयवंताला फोन. सहज विचारलं, कधी येतेस? म्हणे, मी नाही तं काय अडून राहिलं तुमचं? काहीच नाही, म्हटलं. चांगलं बोलणं झालं.

२५ जानेवारी, एकादशी
उपवास. पॅच पोटात जात नाही, म्हणून चालतो. आणखी एक लावला. मांडीवर निळा डाग. पलंगाची कड लागली असेल.

३० जानेवारी, गुरुवार
महाराजांची पोथी वाचताना नाकातून रक्त. थांबेचना. खुशालरावांनी स्कूटरवर दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता? ठाम सांगितलं, नाही. पोथीच्या दिवशी मी खोटं बोलत नाही.

३१ जानेवारी, दवाखाना
सिस्टरने सदरा वर केला. पाठीवर एकावर एक तीन पॅच. डॉक्टर रागावले. म्हणे, कातडीतूनही औषध रक्तातच जातं, तुमच्या गोळीबरोबर ते धोक्याचं. पॅच ओढता ओढता सिस्टर म्हणाली, काका, घरी तुमची पाठ पाहणारं कोणी नाही का? आहे, म्हटलं.
जयवंताचा फोन. येऊ का मी, म्हणाली. कशाला, एवढं काही नाही, म्हटलं. बरं, म्हणाली.
पुन्हा विचारेल म्हणून फोन हातातच धरून पडलो आहे.