बिनफोडणीचं वरण

माय, धाकटी तुझ्या हातानं गेली न्हाई. फोडणीनं तर मुळीच न्हाई. हे तू जित्ती असतानाच सांगायला पाहिजे होतं. माझं तोंड साऱ्या जगावर चालतं, तिथं नेमकं चाललं न्हाई.

लातूरला पाळणाघरात लेकरं सांभाळते मी, बारा वर्षं झाली. परवा एक आई आपली सात महिन्यांची पोर माझ्याकडं देता देता थांबली. म्हणाली, "मावशी, पलीकडच्या गल्लीत गोवर निघालाय. हिला अजून लस देत नाहीत, नऊ महिने भरावे लागतात. तुम्हाला लहानपणी येऊन गेलाय का? नसेल तर तुम्ही तरी घ्या लस." मला तिडीक आलीच. म्हणलं, "बाई, लेकरांचं हागणं-मुतणं काढून केस पिकले माझे. मला काय होतंय?" ती रागावली न्हाई. "तुम्हाला नसेल होत. तुमच्याकडून हिला झाला तर? हात जोडते." आणि खरंच जोडले तिनं, पोर तशीच काखेत धरून. पोरीच्या कानामागं काजळाची तीट होती. तू धाकटीला लावायचीस, तिथंच.

मी आठ वर्षांची होते. तू मूग तोडायला निघालीस, जाता जाता म्हणालीस, "चावडीवर नर्सबाई आलीय, धाकटीला गोवराची सुई टोचून आण." मी तिला काखेला मारून गेले. तिथं एकेक लेकरू बोंबलून राहिलेलं. माझ्या धाकटीलाही आता टोचणार म्हणून मी तिला छातीशी घट्ट धरलं. तशीच माघारी पळाले आणि कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले. धाकटी हसतेय, माझी वेणी ओढतेय. तू आल्यावर विचारलंस, "दिली का सुई?" म्हणलं, "दिली. लई रडली."

पुढं तिला गोवर निघाला. घरात देवी आली म्हणून तू दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलास, चुलीवरची फोडणी बंद केलीस, मला उदगीरला मामाकडं धाडलंस. बापाला ते बिनफोडणीचं वरण गिळंना. तिसऱ्या दिवशी त्यानं ताट भिरकावलं, तेव्हा तू मोहरी-मिरची तडतडवलीस. त्याच्या दुसऱ्याच दिवशी धाकटी गेली. मी परत आले तर आढ्याला पाळण्याची नुसती दोरी. अख्खी गल्ली म्हणून राहिलेली, फोडणीच्या वासानं देवी कोपली. तूही तेच धरलंस. धरणारच की. सुई तर दिलेली होती, मग दुसरं कारण काय असणार?

तवापासून तू फोडणीचं खाल्लं न्हाईस. आम्हाला करून घालायचीस नाकाला पदर लावून, आणि तुझ्या ताटात ते पिवळं, गुळमट वरण. मी चिडायचे, "खा की गं, कशाला नखरे?" मी म्हणायचे असं, माय. मी! शेवटच्या दुखण्यात वाटीनं वरण पाजत होते, तेव्हा तू माझं मनगट धरलंस. "माझ्याच हातानं गेली ना गं ती?" मी काय म्हणलं? "वरण निवून राहिलंय, गीळ आधी." चार दिवसांनी तू गेलीस. तेच घेऊन गेलीस.

काल दवाखान्यात जाऊन लस घेतली. हा कागद आता कुठं धाडू? तुला वाचता येत नव्हतं, मी चौथीत शाळा सोडलेली. पिठाच्या डब्याखाली ठेवते झालं.

एक सांगायचं राहिलं. सुई काढली तरी माझं रडणं थांबंना. नर्स माझ्या पोरीच्या वयाची, घाबरली बिचारी. "लई दुखलं का मावशी?" म्हणलं, "हाव, लई."

खोटं बोलले, माय. काहीच दुखलं न्हाई.