भरून निघालेला कान

कासार आंबोली, ता. मुळशी, जि. पुणे
१४ जानेवारी २००७

तीर्थस्वरूप रजनीताई,

साष्टांग नमस्कार. (फोनवर तू ‘नमस्कार राहू दे, जेवलास का ते सांग’ म्हणून मध्येच तोडतेस, पत्रात तशी सोय नाही, म्हणून इथे पुरता वाकून घेतो.) भावजींचा खोकला उतरला का? अपेक्षाची दहावी तोंडावर आली असेल. तिला भूमिती जमत नाही म्हणून रागावू नकोस; ज्यांना जमते त्यांचं पुढे काय होतं ते खाली येतंच आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य मी बाबांनाही लिहिलंय आणि त्यांच्यापुरतं ते खरं आहे. तुला म्हणून सांगतो, घास उतरत नाही, आणि ज्या घरात राहतो त्या घराच्या अंगणातून मान वर करून जाता येत नाही. मोबाइलवर सांगितलं असतं, पण इथे रेंज फक्त गोठ्याच्या कडेला येते, आणि तिथलं बोलणं चुलीपाशी स्पष्ट ऐकू जातं. ज्यांनी ते ऐकू नये अशी माणसं नेमकी चुलीपाशीच असतात.

पत्र भावजी मोठ्याने वाचतील आणि शेजारीही ऐकतील, म्हणून माणसं नीट सांगून ठेवतो. माझे घरमालक हैबतराव. त्यांची आई रंभाबाई, जिला मी आजी म्हणतो. आणि त्यांचे वडील गेणबा, म्हणजे आबा, जे गेल्याच्या आदल्या मार्गशीर्षात वारले. आबांचं एक वावर घोटावड्याच्या बाजूला होतं. ते त्यांनी विकलं आणि त्यावर आमची कंपनी उभी राहिली. पण वावर विकलं म्हणून जाणं कसं थांबवायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते गेटवर येऊन बसायचे, वॉचमनला हरभरा इथे कसा यायचा ते ऐकवायचे, आणि पार्किंगमधल्या गाड्यांकडे तणाकडे बघावं तसं बघायचे. उजव्या कानाचा वरचा तुकडा नव्हता. लहानपणी बैलाने शिंग मारलं, अशी हकीकत होती. आणखी एक माणूस आहे, विठ्ठलराव, आबांचे चुलतभाऊ. बांधावरून दोघांचा दावा. दोघंही म्हातारे झाले, दावा मात्र तरुण राहिला.

आता माझं काम. गेल्या खेपेस तू विचारलंस आणि मी ‘कॉम्प्युटरवर डिझाइन’ असं मोघम सांगून सुटलो. नीट सांगतो, कारण सगळं पाप त्यातच आहे. आमच्याकडे एखादी वस्तू, मिक्सरचं झाकण म्हण, मोटारसायकलचा आरसा म्हण, स्कॅनरपुढे ठेवतात. स्कॅनर तिच्यावर उजेडाच्या पट्ट्या टाकतो आणि तिचा आकार कॉम्प्युटरात येतो. पण येते ती नुसती कातडी. तिला सरफेस म्हणतात. तिला जाडी नाही, आत काही नाही. मशिनवर कोरायला पाठवण्याआधी तिचं भरीव सॉलिड करावं लागतं. म्हणजे कसं, तर करंजी. पारीचे काठ सगळीकडून मिटले तर करंजी. एवढीशी फट राहिली की सारण तुपात. कॉम्प्युटर उघडे काठ लाल रेघेने दाखवतो आणि शेवटची फट मिटेपर्यंत सॉलिड करायला साफ नकार देतो. मग आम्ही काय करतो, तर किती अंतर चालवून घ्यायचं तो आकडा वाढवत नेतो. आकडा पुरेसा वाढवला की कॉम्प्युटर काहीही चालवून घेतो. (ह्या बाबतीत तो आपल्या बापूकाकांवर गेला आहे.)

तर तो स्कॅनर नवीन आला त्या पावसाळ्यात आमचे साहेब अनिमेष यांना तो माणसावर चालवून बघायची हौस आली. कुणी तयार होईना. गेटवर आबा होते. त्यांना आत आणलं, खुर्चीवर बसवलं, आणि केस-मिशा काळ्या-पांढऱ्या असल्या की उजेड नीट परतत नाही, म्हणून त्यांच्या मिशांवर टाल्कम पावडर थापली. “मला काय तमाशात उभा करतुया व्हय?” असं म्हणाले, पण बसले ताठ. डोळा लवला नाही. नंतर पडद्यावर स्वतःचं डोकं गरगर फिरताना बघून म्हणाले, “हितंच ऱ्हाऊ द्या. वावर माजंच हाय.” आम्ही हसलो. त्यांची फाइल माझ्या कॉम्प्युटरवर पडून राहिली आणि चार महिन्यांनी ते झोपेतच गेले.

वर्षश्राद्धाला अर्धपुतळा बसवायचा, असं हैबतरावांच्या मनाने घेतलं. पुण्यातल्या मूर्तिकाराने सगळ्या बाजूंचे फोटो मागितले. घरात होते तेवढ्या फोटोंत आबा डावीकडचेच. कॅमेरा दिसला की ते चेहरा वळवायचे आणि उजवा कान लपवायचे. हैबतराव ओट्यावर कपाळाला हात लावून बसले होते. आणि मी, ताई, तुझा भाऊ, ज्याला लहानपणी तू ‘विचारल्याशिवाय बोलू नये’ हे शिकवायचा इतका प्रयत्न केलास, त्याने आपण होऊन सांगितलं, की काका, आबा माझ्याकडे आहेत. सगळ्या बाजूंनी आहेत. हैबतराव उठले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. तिथेच थांबायला हवं होतं. मी पुढे म्हणालो, “मूर्तिकाराला कशाला? मी करतो ना.”

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. साहेबांची परवानगी काढून आजीला दाखवायला घेऊन गेलो. तिने पदराने पडदा पुसला आणि आधी कान बघितला. तिथे फाटका काठ होता, वर स्कॅनरने न पोचल्यामुळे आणखी थोडं फाटलेलं. “बया, त्यो बी घेतलाय की!” म्हणून ती तोंडावर पदर धरून हसली. कौतुकाने मी डोकं फिरवलं, आणि खालची बाजू उघडी असल्यामुळे आबांच्या आतलं सगळं दिसलं, म्हणजे काहीच दिसलं नाही. आजी कितीतरी वेळ त्या पोकळीत बघत होती. मग म्हणाली, “आत कायच न्हाई?”

मी म्हटलं, “आजी, हा सरफेस आहे. ह्याचं सॉलिड करायचं.”

“म्हंजी भरायचं?”

“हो.”

“मंग भरा. पर बेतानं.”

बेतानं, ताई. एवढं एकच सांगितलं होतं.

मी भरायला बसलो. मिशांचा स्कॅन म्हणजे नुसती जळमटं. त्या गुळगुळीत केल्या. कानामागे भोकं, टोपीच्या काठाखाली भगदाड, ती बुजवली. तरीही लाल रेघा. एक मिटवली की दुसरीकडे उघडायची. वर्षश्राद्ध जवळ येत होतं, कंपनीचं काम वेगळंच, आणि हैबतराव रोज संध्याकाळी “आबा कुठवर आले?” विचारायचे. शेवटी सगळ्या रेघा मिटल्या, फक्त त्या कानाची राहिली. तिथला फाटका काठ कुठल्याच काठाला जुळेना. मग मी डावा कान घेतला, आरशात दिसतो तसा उलटा केला, उजवीकडे बसवला आणि आकडा वाढवला. रेघ गेली. पडद्यावर आबा भरीव झाले. मला इतका आनंद झाला, की मी टाळी वाजवली आणि फाइल सेव्ह केली. त्याच नावाने. जुनीवरच. (स्कॅनरचा मूळ कॉम्प्युटर मार्चअखेरीलाच साफ केला होता. हे मला नंतर कळलं, आणि नंतर कळून काही उपयोग नसतो.)

खरं सांगू? कान बसवताना मनात आलं होतं, की आबा आयुष्यभर जो कान लपवत आले, तो आपण त्यांना धड करून देतोय. आपण उपकार करतोय, असंच वाटलं होतं.

मशिनवर पुतळा सागवानी ठोकळ्यात कोरून घेतला, पितळी रंग दिला, आणि वर्षश्राद्धाला जेवणाआधी अंगणात चौथऱ्यावर ठेवला. गाव जमलं होतं. विठ्ठलरावही आले होते. दाव्यातला माणूस श्राद्धाला आला म्हणून कुजबुज झाली, पण ते मागे, उंबराखाली उभे राहिले. हैबतरावांनी कापड ओढलं आणि डोळ्यांत पाणी असल्यामुळे न बघताच हार घातला. सगळे गप्प. मला वाटलं, भारावले. तेवढ्यात शेजारच्या तुळजाबाईंचा आवाज आला, “अगं बया! हे तर इठ्ठलराव!”

आणि ताई, होतेच! मिशा चोपल्या, कान धड केला, गालावरच्या खळग्या भरल्या, तेव्हा खाली राहिला तो त्या घराण्याचा चेहरा, आणि तो चेहरा घालून हिंडणारा जिवंत माणूस एकच उरला होता. ज्याच्याशी आबा बांधावरून भांडले त्याचा पुतळा त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच श्राद्धाला, हार घालून! एक जण हसला, मग दहा हसले, मग जेवणाच्या पंगतीपर्यंत हसू पोचलं. नथू आचारी झारा घेऊन बघायला आला. कुणीतरी म्हणालं, “इठ्ठलराव, जित्तेपणी हार, नशीब काढलंत!” विठ्ठलराव हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला आणि न जेवता निघून गेले. हैबतरावांनी हार काढून घेतला. तो हातात धरून ते इतके अवघडले होते, की कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

आजी सगळ्यांत शेवटी आली. तिने तर्जनी त्या कानाच्या वरच्या काठावर ठेवली आणि फिरवली. “हितं माजं बोट बसायचं,” म्हणाली. “डोस्क्याला त्याल लावताना.” मग माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता, “लई गुळगुळीत केलंत.” मी म्हटलं, आजी, मी परत करतो, जुनं आहे माझ्याकडे. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन फाइल उघडली आणि तोच धड कान समोर आला. बॅकअप शोधले, साहेबांच्या पाया पडलो, स्कॅनरवाल्या पोराला घेऊन सीड्यांचे सगळे डबे उपसले. आबा नाहीत. ते एकदा घरातून गेले आणि एकदा माझ्या हातून.

आजीला जाऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. “ऱ्हाऊ द्या,” एवढंच म्हणाली आणि तव्यावरची उलटली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हैबतराव बोलत नाहीत. पुतळा माझ्या खोलीत आणून ठेवलाय, भिंतीकडे तोंड करून. तसा ठेवला तर पाठमोरे आबाच वाटतात. ताक अजून येतं, पण पूर्वी आजी ते घेऊन यायची आणि पेला रिकामा होईस्तोवर बसायची. आता तांब्या उंबऱ्यावर असतो. मी दुसरी खोली बघावी म्हणतो. हिंजवडीकडे मुलं राहतात, तिथे कुणाला आबा नसतात.

असो. बाबांना ह्यातलं काही कळवू नकोस. भावजींना नमस्कार, अपेक्षाला आशीर्वाद.

तुझा,
स्वानंद

ता. क. १ : खरं काम राहिलंच. तुम्ही मुळशीचं धरण बघायला आला होतात, त्या मे महिन्यात भावजींनी अंगणात रोल संपवायला म्हणून उरलेले फोटो काढले होते. त्यातल्या एकात आबा शेळीमागे धावताहेत आणि त्यांना फोटो निघतोय हे ठाऊक नाही, असं मला पुसटसं आठवतंय. त्यात उजवी बाजू आली आहे का बघ. आली असेल तर निगेटिव्ह रजिस्टर पोस्टाने पाठव. भावजींच्या ओळखीच्या ट्रकवाल्याकडे देऊ नकोस.

ता. क. २ : हे मी आजीसाठी मागतोय असं तुला वाटेल. मलाही तसंच लिहायचं होतं. पण मागितलंय विठ्ठलरावांनी. परवा हैबतराव पौडला गेलेले बघून ते खोलीवर आले, दार लोटलं, पुतळा स्वतःकडे वळवला आणि बराच वेळ आपल्याच तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ह्यो कान त्याचा न्हाई. त्याचा कान मी चावला व्हता.” लहान असताना ओढ्यात झोंबी लागली, आबा वर बसले, आणि सुटता येईना म्हणून ह्यांनी चावा घेतला. तुकडा ओढ्यातच गेला. आबांनी घरी बैलाचं नाव सांगितलं. बैलाला चाबूक पडला. पुढे दावा लागला, कोर्टात एकमेकांची सात पिढ्यांची उणी निघाली, पण कानाचा शब्द आबांनी काढला नाही. आजीलासुद्धा बैलच ठाऊक. “मरंस्तवर बैलच म्हनला त्यो,” विठ्ठलराव म्हणाले आणि टोपीने नाक पुसलं. “धड कान बघून लोकं हसली. मला वाटलं, त्यानं मला सोडलं, आन् म्या अजून तितंच, वढ्यात हाय. जसा व्हता तसा करा.” तेव्हा हा परिच्छेद भावजींना मोठ्याने वाचू देऊ नकोस. शक्यतो वाचूच देऊ नकोस.

ता. क. ३ : फोटो नाही मिळाला तर काय, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, फोटो कशाला, चावा माझाच आहे, दाखवतो. आणि माझ्या टेबलावरचा पेरू उचलून, डोळे मिटून, आठवून आठवून चावले. कवळी पेरूतच राहिली. ती काढून, धुऊन, परत बसवून त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि पेरूकडे बघून हताशपणे म्हणाले, “न्हाई. ते दात लई चांगले व्हते.” तेव्हा निगेटिव्ह लवकर पाठव.