डंख विसरलेल्या जेलीफिश

३ तारीख, सकाळ
डोकं फिरलंय. मेव्हणा स्वयंपाकघरात बायकोला सांगत होता की दाजी जगाचे पंप दुरुस्त करतील, पण स्वतः पाण्यात उतरायचे नाहीत. मी बाथरूममध्ये. नळ चालू. तरी ऐकलं. पंचवीस वर्षं बायकोला फिरायला नेतो म्हणतोय आणि वर्कशॉप आडवं येतंय. यंदा परदेशातलं जेलीफिशचं तळं. हातात हात घालून उतरणार. शब्द दिला.

५ तारीख
पोहण्याचा क्लास, तीन आठवड्यांचा. मास्तर बिनडोक. म्हणे, अंग सैल सोडा. अंग सैल सोडून वर्कशॉप उभं राहिलं असतं का? उद्यापासून घरीच सराव.

१२ तारीख
सराव जोरात. पलंगावर. बायको म्हणते, गादीला खड्डा पडला. हिला प्रगती दिसत नाही, गादी दिसते! स्वतः रोज सकाळी भाजीला जाते आणि ओल्या केसांनी येते. भाजीवाल्याचा पाइप फुटला असणार. बघायला हवा.

२७ तारीख, तळ्याजवळचं लॉज
गाइड म्हणतो, इथल्या जेलीफिश पिढ्यान् पिढ्या कोंडून राहिल्या, शत्रू नाही, म्हणून डंख विसरल्या. थापा! मेव्हणा पंधरा वर्षं आमच्याकडे आयता बसून आहे. तो विसरला? मी पंपाचं ग्रीस आणलंय. डबाभर.

२८ तारीख, सकाळी ६
मानेपासून टाचेपर्यंत सील. या म्हणावं आता.

सकाळी १०
अपमान!! फाटकावरच्या रक्षकबाईनं माझ्या दंडावरून बोट फिरवलं. म्हणे, अंगाला तेल, क्रीम काही चालत नाही, जेलीफिश मरतात. मी म्हटलं, पाटीवर ग्रीस लिहिलेलं नाही. ती म्हणाली, उद्या लिहू. तीनदा साबण लावला. निघेना. निघेलच कसं, माल माझा आहे. बायकोला म्हटलं, चल परत, इज्जतीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तुम्ही बसा हो जरा. आणि उतरली!

सकाळी ११
काठावरचा बाक. बायको पोहते आहे. अंग सैल सोडून. भोवती शेकडो सोनेरी जेलीफिश, एकही डसत नाही. वर आली तेव्हा ओरडून विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, क्लासात तुमची जागा रिकामीच होती.
तीन आठवडे! आणि मला पत्ता नाही! मेव्हण्याला होता म्हणे.
आणखी भांडणार होतो. तिनं मला उठवायला हात पुढे केला. हसत होती. धरला.
सटकला.
ग्रीस एक नंबर आहे.