तुलनेसाठी निवडलेला निरोगी माणूस

तीर्थस्वरूप दाजींस,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. ताईचा खोकला गेला असं तिने लिहिलंय, म्हणजे अजून आहे असं मी धरतो. आम्ही इकडे ठणठणीत. आणि हे मी उगाच रिवाज म्हणून लिहीत नाही, माझ्या ठणठणीतपणाची आता सरकारी कागदावर नोंद आहे. दाजी, आपला मेहुणा शास्त्रीय संशोधनात निवडला गेला!

झालं असं. आमच्या छापखान्यात (मी अजून बांधणी खात्यातच आहे, पण खिडकीजवळचं टेबल मिळालंय) गेल्या महिन्यात एका बुधवारी दुपारच्या जेवणानंतर चोवीस माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. पहिला गेला आमचा लंबू, छपाई यंत्रावरचा, जेवताना माझ्या शेजारी बसणारा. तो तर चार दिवस सलाईनवर होता. सगळ्यांनी एका सुरात उकडलेल्या अंड्यांना दोष दिला आणि साहेबांनी कँटीनच्या आचाऱ्याला सांगून टाकलं की पुढच्या शनिवारनंतर येऊ नकोस. बावीस वर्षं आम्हाला जेवू घातलेला माणूस, दाजी. रिकाम्या पातेल्यांसमोर नुसता बसून असायचा.

अशात आरोग्य खात्याने चौकशीला डॉक्टर पाठवली, ती कोण? आपली छकुली! मी फाटकातच "अगं छकुले!" म्हणून ओरडलो. साहेब बघतच राहिले. ती हळूच म्हणाली, "मामा, इथे डॉक्टर म्हण." (तेव्हापासून मी घरीसुद्धा "डॉक्टर, जेवायला चला" म्हणतो. ही म्हणते, आता पुरे करा.)

आपण म्हणता, पोरीने दवाखाना काढायचा सोडून लोकांना प्रश्न विचारत हिंडायचं खूळ घेतलं. खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. पण या खेपेला तिला काम करताना पाहिलं. आजाऱ्यांची चौकशी कुणीही करील, ही निरोगी माणसांच्याही मागे लागली! साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाली, "आजाऱ्यांनी अंडी खाल्ली हे खरं. पण जे धडधाकट राहिले त्यांनी काय खाल्लं हे कळल्याशिवाय अंड्यांवर आळ कसा घ्यायचा?" मग दर आजाऱ्यामागे दोन निरोगी, तेही हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून. अठ्ठेचाळिसांत माझी चिठ्ठी निघाली. अशा तुलनेच्या माणसाला त्यांच्यात 'कंट्रोल' म्हणतात. घरी येऊन मी जाहीर केलं, "मी कंट्रोल आहे." ही पोट धरधरून हसली (तिने मला जेवताना पाहिलंय).

नात्यातला म्हणून माझी मुलाखत छकुलीने स्वतः घेतली नाही, सोबतच्या नर्सबाईंना घरी पाठवलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. बुधवारी काय काय खाल्लं? भात, सूप, दोन अंडी. "आणि काकडी?" ही दारातच उभी. वजनासाठी मला रोज बशीभर काकडी खायची सक्ती आहे, आणि त्यावर हिची सहा वर्षं कडक नजर आहे. मी मान ताठ करून म्हणालो, "खाल्ली. रोज खातो." (वस्तुस्थिती अशी की माझी काकडी सहा वर्षं लंबू खातो.)

आकडे जुळवले तर अंडी दोन्ही बाजूंनी सारख्याच प्रमाणात खाल्लेली. अंडी सुटली. पण काकडीचंही तेच, सूपचंही तेच. साहेब म्हणाले, "काहीच सापडत नसेल तर आचारी जाणार." शुक्रवारी संध्याकाळी छकुली आमच्या घरी टेबलावर कागद पसरून बसली होती. चहा गार झालेला, चेहरा एवढासा. मला राहवेना. तिला जिन्यात नेलं आणि स्वतःहून सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हजेरी घेणार. तर म्हणाली, "चूक तुझी नाही, मामा. मामीसमोर तो प्रश्न विचारायलाच नको होता. माझी पद्धत चुकली." आणि लगेच डोळे चमकले. "पण मग तुझ्यासारखे आणखी किती असतील?"

शनिवारी सकाळी तिने कागदाच्या गोदामात एकेकाला बोलावून पुन्हा विचारलं. बायको नाही, साहेब नाहीत (कँटीनमध्ये 'काकडी खा, निरोगी राहा' ही पाटी साहेबांनीच लावली आहे). आजाऱ्यांनाही पुन्हा विचारलं. एकाच बाजूला खोदून विचारायचं नसतं म्हणे. आधी अडतीस निरोग्यांनी काकडी खाल्ल्याचं सांगितलं होतं, त्यातल्या एकवीस जणांनी कबुली दिली की शिवलीही नाही! आजारी मात्र चोविसांतले वीस आपल्या शब्दावर ठाम. आणि ज्यांनी दोन-दोन बशा खाल्ल्या ते जास्त लोळले. लंबूने त्या दिवशी कुणाची दुसरी बशी खाल्ली, हे वेगळं सांगत नाही.

मग काकडीचा माग काढला. स्वयंपाकघरातला नळ बिघडलेला, म्हणून चकत्या ठेवायच्या बादलीत अंगणातल्या नळाचं पाणी, आणि त्या नळाची नळी गटाराशेजारी फुटलेली. पाणी तपासलं, आजाऱ्यांच्या तपासणीत सापडलेले जंतूच त्यातही निघाले. आचाऱ्याचा नळदुरुस्तीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर दोन महिने पडून होता. साहेबांनी तो त्याच दिवशी मंजूर केला आणि आचाऱ्याला सोमवारपासून नेहमीसारखं यायला सांगितलं. आचारी छकुलीच्या पाया पडायला वाकला, तिने त्याचे हात धरले. म्हणाली, "अहो, मी फक्त मोजलं."

दाजी, दवाखान्यात बसली असती तर तिने त्या चोवीस जणांना औषध दिलं असतं. पंचविसावा आजारी पडलाच नाही. तो तिचे आभार मानायला कधी येणार नाही, म्हणून मी हे पत्र लिहितोय. 

ताईला नमस्कार.

आपला,
(अधिकृतपणे निरोगी) मेहुणा

ता.क. हे पत्र हिने वाचलं. वर 'स्वतःहून' लिहिलंय ते खोडा म्हणते. लंबूने सलाईन लावलेल्या अवस्थेत नर्सबाईंना काकडीचं सगळं सांगितलं होतं, आणि जिन्यात मी छकुलीला नेलं नव्हतं, तिने मला नेलं होतं. बाकी सगळं बरोबर आहे.

आणखी ता.क. पुढच्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांच्या सभेत छकुली हे सगळं मांडणार आहे. घरच्यांना आणायला तिला दोन निमंत्रणं मिळालीत. पाकिटावर आपलं आणि ताईचं नाव घालून तीन आठवडे पर्समध्ये घेऊन हिंडत होती, पेटीत टाकेना. मी ते काढून सोबत जोडलंय. सभेत कुणी वडिलांबद्दल विचारलं तर ती सांगते की बाबा फार कामात असतात. गेली तीन वर्षं हेच सांगते. दाजी, या खेपेला कामात असू नका.