थवा अजून फांदीवर आहे

प्रिय मास्तरीणबाई,

आधी बातमी, मग खुशाली. आपल्या बागेत बर्फ पडला! ज्या खेळात ड्रॅगन आग ओकतात, बुटके खाणीत गातात आणि झाडं चालतात, पण हिवाळा म्हणून कधी आला नाही, त्या खेळात बर्फ! सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मी धुराचं भांडं पेटवून मधमाश्यांच्या पहिल्या पेटीकडे निघालो होतो. संगणकाच्या पडद्यावर पांढरे ठिपके दिसायला लागले. मला वाटलं, पडदा गेला. चष्मा पुसला, मग पडदा पुसला, मग मागची वायर हलवून पाहिली. आणि पाहतो तर काय, खेळातल्या माझ्या त्या हिरव्या टोपीवर बर्फ साचलेला. मी इतक्या जोरात ओरडलो की ही हातातलं इस्त्रीचं कापड टाकून धावत आली. काय झालं ते सांगितल्यावर म्हणाली, "अहो, मला वाटलं शॉक बसला. त्या खोट्या माश्यांना थंडी वाजतेय म्हणून आता स्वेटर विणू का?" तुला सांगतो, कल्पना वाईट नव्हती. पेट्यांना गुंडाळायला काहीतरी लागणारच होतं.

तू खेळातून पाठवलेली विनंती मिळाली आहे. न मिळाल्याचं सोंग मी करणार नाही. "बागेची भागीदार बाग सोडू इच्छिते," आणि खाली दोन बटणं, मान्य आणि अमान्य. त्याच्याखाली तू लिहिलंस, "बाबा, कोर्टाचे कागद झाले. आता मला इथूनही मोकळं करा. बरं नाही दिसत." मी इतके दिवस दोन्हींपैकी एकही बटण दाबलं नाही. बरं दिसत नाही ते कुणाला, हे काही मला कळलं नाही. बुटक्यांना? तुझं लग्न कुणाशी झालं होतं आणि ते मोडलं कसं, याच्याशी त्या बिचाऱ्यांना काय देणंघेणं? पण उत्तर देणार आहे, याच पत्रात देणार आहे. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. दुकानात दुरुस्तीला आलेली मोटार पूर्ण उघडून पाहिल्याशिवाय मी बिघाड काय ते सांगत नाही. तेव्हा आधी सगळं नीट ऐक.

बाकीच्या खेळाडूंचं काय चालायचं, हे तू असतानाही पाहिलंच होतंस. पेटी भरली की चौकट उपस, मध काढ, सैनिकांच्या औषधाला वीक, पुन्हा रिकामी चौकट आत सरकव. मी मात्र प्रत्येक पेटीत तिसरा हिस्सा मध माश्यांसाठी ठेवायचो. का? तर पुस्तकात तसं होतं म्हणून. खऱ्या मधमाश्यांच्या पुस्तकात. हिवाळ्याची बेगमी. तू तेव्हा जेवणाच्या टेबलावर समोर बसून म्हणाली होतीस, "बाबा, या खेळात हिवाळा नाहीये." मी म्हणालो होतो, "आज नाहीये." त्यावर तू इतकी हसलीस की वरण नाकात गेलं. आणि तो लोखंडी दाढी, आपल्या बागेच्या डाव्या बाजूचा बुटका, तो तर सगळ्यांसमोर लिहायचा, "मधकाका, माश्यांसाठी पेन्शन योजना काढताय का?" दात काढायला मंडळी टपलेलीच असतात. मी लक्ष दिलं नाही. मी मोटार भरायला, जळकी तार काढून नवी गुंडाळायला, शिकलो ते कुणाच्या हाताखाली नाही. जळलेल्या मोटारी उकलत गेलो, तार कुठून कुठे गेली ते पाहत गेलो, हाताला शॉक घेत गेलो. तेव्हाही लोक हसायचे. तूसुद्धा मला फक्त खेळ उघडून दिलास, माउस धरायला दाखवलास. मास्तरीणबाई म्हणतो ते मान म्हणून. माश्या मी स्वतः शिकलो, हे लिहून ठेव.

तर बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवसापासून हाहाकार. फुलं गेली. माश्या बाहेर पडेनात. आपण झोपलो तरी त्या आत बसून खातच असतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लोखंडी दाढीच्या सगळ्या पेट्या गार पडल्या. त्याने लिहिलं, "काका, झाकण उघडलं तर तळाशी नुसता काळा थर आहे हो." या वेळी त्यात एकही हसरा चेहरा टाकला नव्हता. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. मी दुकानात, शेजारच्या चष्मेवाल्याला बोलावून हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मध खाता येत नाही?"

आता पुढचं ऐक. हे मी चष्मेवाल्याला सांगितलेलं नाही. माझा हिशोब चुकला. तिसरा हिस्सा पुरला नाही. पुस्तकातला हिवाळा आणि त्या खेळातला हिवाळा यांची लांबी वेगळी निघाली, आणि ती कुठे लिहिलेलीही नव्हती. पडक्या बुरुजाखालची माझी पेटी गेली. तीच, जिचं तोंड मी उगवतीकडे करून, खाली सपाट दगड लावून, पाण्याची पातळी धरून बसवली होती. दुसरीत कान लावला तर आवाज इतका बारीक, जणू बेअरिंग शेवटचे फेरे मारतंय. हसू नकोस. एकटा माणूस संगणकासमोर बसून पडद्याला कान लावतोय, हे दृश्य हिने पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

आणि मग मला तुझी पेटी आठवली. कुंपणाजवळची, तिरकी. मी कितीदा सांगितलं, सरळ कर, सरळ कर. तू म्हणायचीस, "बाबा, माश्यांना लेव्हल बॉटल लागत नाही." तू यायची थांबलीस तेव्हापासून त्या पेटीला मी हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या पेटीत हात घालायचा नाही, हा माझा नियम आहे. बर्फ बाजूला करून झाकण उचललं, आणि काय सांगू तुला! चौकटी काठोकाठ. मेणाने बंद केलेला मध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मध्ये माश्यांचा गोळा, गुरगुरणारा, नव्या मोटारीसारखा एकसुरी. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. तुझ्या न येण्याने, तुझ्या आळसाने म्हण हवं तर, जी बेगमी झाली होती ती माझ्या सगळ्या पुस्तकांनी झाली नव्हती. भागीची बाग असल्यामुळे एका पेटीतली चौकट दुसरीत टाकता येते. मी तुझ्या दोन चौकटी काढल्या, एक माझ्या दुसऱ्या पेटीत घातली, एक तिसरीत. विचारलं नाही, कारण विचारायला तू नव्हतीस. दोन्ही पेट्या जगल्या.

म्हणजे बघ, मी त्याआधी "मान्य" दाबलं असतं, तर नियमाप्रमाणे तुझी पेटी तुझ्याबरोबर गेली असती आणि आज माझ्याकडे नुसती लाकडं उरली असती. मी उत्तर लांबवलं ते काही हे ओळखून नव्हे. बटणाजवळ जायचो आणि काहीतरी काम आठवायचं. कधी कूलरची मोटार, कधी बँक. हिला विचारलं तर म्हणाली, "तुमचं ते बटण मी दाबू का? पोरगी तिकडे वाट बघत बसली असेल." मी म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही." ती म्हणाली, "मला माश्यांमधलं कळत नाही." एवढं बोलून पोळ्या लाटायला गेली. चिरंजीव मधे येऊन गेले. बरे आहेत. तुझ्याविषयी वाईट बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. जाताना संगणकाकडे पाहून म्हणाले, "अजून खेळता?" मी म्हणालो, "खेळत नाही, माश्या पाळतो." बस, तेवढंच बोलणं झालं.

पण खरी गंमत पुढेच आहे. बर्फ वितळला. ओढ्याला पाणी आलं. गवतात निळी फुलं, मग पिवळी, आणि माश्या अशा सुटल्या की पडदा अपुरा पडावा. सगळ्या राज्यात जिवंत पेट्या उरल्या त्या मोजक्या, आणि त्यातल्या तीन आपल्या. ज्यांनी दात काढले ते आता शिकायला माझ्यापुढे रांगेत उभे. लोखंडी दाढी माझ्याकडून पेटी गुंडाळायला शिकला. गवताची पेंढी कशी बांधायची हे त्याला चार वेळा दाखवलं, तरी गाठ उलटीच मारतो. मग परवा सकाळी, दुकान उघडायच्या आधी मी सहज डोकावलो, तर तुझ्या पेटीतून धूर निघावा तशा माश्या बाहेर पडतायत! मला वाटलं, हल्ला झाला. मग लक्षात आलं. थवा! तुझी पेटी फुटली होती. जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघाली. हे मी पुस्तकात वाचलं होतं, खेळात कुणीच पाहिलेलं नव्हतं. आकाशात एक काळा ढग, गोल फिरतोय, गुणगुणतोय. मी हातातला कप तसाच धरून उभा. ढग कुंपणावरून गेला, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या काठावर एका वाळुंजाच्या फांदीवर लोंबकळला, दाढीसारखा. दुकान त्या दिवशी उशिरा उघडलं. गिऱ्हाईकाला सांगितलं, घरी महत्त्वाचं काम होतं.

थवा निघतो त्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, तो तुझ्याजवळ दुरुस्त करतो. लोकांना वाटतं, पेटीत काहीतरी बिघडलं, भांडण झालं, म्हणून राणी निघून जाते. तसं नसतं. उपाशी, आजारी पेटी कधी फुटत नाही. बळ आलं, जागा पुरेनाशी झाली, की माश्या निघतात. जाताना पोटभर मध घेऊन निघतात. आणि मागे राहतात त्याही नवी राणी करून नीट चालू लागतात. त्यांना थांबवण्यासाठी दाराला जाळी लावणारे लोक असतात. दाराला जाळी लावली तर पेटी आतल्या आत गुदमरते. हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण त्या दिवशी ओढ्याकाठी उभं राहून वर पाहत असताना मला ते पहिल्यांदा नीट समजलं.

आज सकाळी मी "मान्य" दाबलं. तुझी पेटी, नवी राणी आत ठेवून, तुझ्या गाठोड्यात गेली. आणि भागी संपली तशी तुला खेळातून निरोप पाठवायची माझी सोयही बंद झाली, म्हणून हे पत्र. पत्ता हिने दिला. तुला जाड मोजे पाठवले होते म्हणे, मला काही बोलली नव्हती. आता काम ऐक. थवा अजून फांदीवर आहे. ज्याच्या पेटीतून निघाला त्यानेच तो उतरवायचा, असा नियम आहे, मला हात लावता येत नाही. ओढ्यापलीकडची ती जमीन कुणाचीच नाही, मी सगळीकडे चौकशी केली. तिथे तुझ्या नावाची खुंटी ठोक. वाळुंजाखाली मी एक रिकामी पेटी करून ठेवली आहे. सांधे घट्ट आहेत. बसव हवी तशी तिरकी. कुणी उचलून नेऊ नये म्हणून लोखंडी दाढी पहाऱ्याला बसला आहे, जेवणाच्या सुट्टीत मी असतो. पण थवा फार दिवस थांबत नाही, तेव्हा पत्र मिळेल त्या दिवशी ये. सासरा-सून राहायला कागद लागतात, त्याला माझा इलाज नाही. ओढ्याच्या दोन काठांवर राहायला कुणाचीच सही लागत नाही. माझ्या काठाने मी निळ्या फुलांचं बी टाकलं आहे, उगवलं की तुझ्या माश्या इकडे येतील, आणि मी त्यांना हाकलणार नाही. तू आलीस की बोलण्याचं दडपण घेऊ नकोस. नुसता हात वर केलास तरी मला पलीकडून दिसेल.

तुझाच,
ओढ्याअलीकडचा शेजारी,
बाबा
(हे नाव बदलणार नाही. या वयात नवं शोधत बसायला मला वेळ नाही.)