पंपाच्या तोंडावर अखाजी

तापीकाठ, ता. शहादा
अखाजीचा दुसरा दिवस

आदरणीय हेमराज दाजी,

धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. (तसाही वाकलेलाच आहे, काल पंप उचलताना कंबर धरली.) तुमची, तुमच्या मातोश्रींची आणि सुरतेच्या कारखान्यातल्या तमाम पंपांची तब्येत ठीक असेलच. मयूरीताई माहेरी मजेत आहे. आमचा पंप मात्र गेला.

होळीला आलात, तेव्हा सगळं घर पुरणपोळीवर आणि तुम्ही पंपापुढे उकिडवे. पाइपाचं ओझं पंपाच्या तोंडावर येऊ द्यायचं नाही, बिडाचं तोंड ठरावीक ओढच सोसतं, जास्त झालं की फुटतं, असं भाषण तुम्ही दिलंत. (पप्पांनी तेवढ्यात एक डुलकी काढली.) आमचा पाइप तोंडाला चार बोटं कमी पडत होता, तो आम्ही साखळीनं ओढून बोल्टात जेरबंद केलेला. तेही तुम्हाला खुपलं. अहो, आपल्याकडे न जमणारी सोयरिकसुद्धा चार माणसं ओढूनताणून जमवतात आणि ती टिकते! (तुमचं उदाहरण देत नाही.) शेवटी तुम्ही जोडतुकडा घालून पाइप सरळ केलात, खाली लोखंडी टेकू बसवलात आणि मगच पानावर बसलात.

आता अखाजी, तुमच्या सुरतेतली अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी आल्या की झोका हवाच. आणि झोक्याचा निंब आम्ही ह्याच पाइपाला वाट करायला तोडलेला. आईनं न्याय दिला: ज्याच्यापायी झाड गेलं, त्यानंच झोका धरावा. पंपातून वर जाऊन आडवा शेताकडे वळलेला तो पाइप, त्याला दोर बांधले. ताई बसली, मग भिकुबाई आत्या बसली (वजन लिहीत नाही, पत्र तिच्या हाती पडू शकतं), मग दोघी मिळून उभ्या राहिल्या. गाणी सुरू, पंपही सुरू. पंप कण्हायला लागला. आम्हाला वाटलं, सूर धरतोय. तेवढ्यात कडाड्‌कन तोंड फुटलं आणि तापीमाय सगळ्यांच्या नव्या साड्यांवर आली. लागलं कुणालाच नाही. तात्पर्य, पंपच नाजूक. हल्लीचा माल असाच.

पण दाजी, थट्टा बाजूला. केळीला आत्ता कुठे घड पडलेत, ऊन मी म्हणतंय, नदी डोळ्यांसमोर भरलेली आणि पानं माना टाकायला लागलीत. आमचं अख्खं वर्ष त्या घडांत आहे.

तुमचाच,
योगेंद्र

ता. क. पंपाची नवी बॉडी तुमच्या ओळखीनं लगेच मिळेल ना? स्वतःच घेऊन या. दुकानदारानं विचारलं, तर टेकू होता म्हणा.

ता. क. २. टेकू नव्हता. झोक्यावर पाय आपटत होते, म्हणून काढला. सध्या त्याला म्हैस बांधतो. हलत नाही, काम पक्कं आहे तुमचं.

ता. क. ३. काढायला कोणी लावला, विचाराल. "हाऊ टेकू सासरना शे, माहेरमा नको," असं म्हणत पाना तुमच्या सौभाग्यवतींनीच माझ्या हातात दिला. आता तीच भर उन्हात घागरीनं केळीला पाणी घालतेय आणि मला बजावतेय, "त्यासले सांगू नको." म्हणूनच लिहिलं.