जॉर्ज टाउनमधली खोली

मद्रास, एग्मोर स्टेशन
मंगळवार संध्याकाळ, १९५८

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको लेकीला भेटायला येणार, म्हणून जॉर्ज टाउनमधल्या स्वस्त लॉजात खोली सांगून आलो. आहे खुराड्याएवढी, पण खिडकीतून समुद्राचा वारा येतो.

इथंच सासरी असलेली लेक मात्र रुसली. "अप्पा, माझं घर असताना लॉज कशाला?"

"अगं, तुला मूल होईतो तुझ्याकडे जेवायचं नाही, रीतच आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नाही, आणि मी हे बोललो. जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. तिचे डोळे भरले.

मला ती खिडकीच दिसू लागली. वाऱ्यात बसून तिची आई तिची वेणी घालतेय...

"तूच ये तिथं, चार दिवस राहायला."

"सासूबाईंना काय सांगू?"

"सांग, माहेरी जाते."